मदरबोर्ड गेला, असे म्हणण्यापूर्वी

(उमापूर, तालुका गेवराई, जिल्हा बीड येथे भरलेल्या केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन, गणित व मूल्यमापन या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले. मी मात्र आपणांपुढे शाळेच्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेल्या बंद संगणकाविषयी बोलणार आहे. विषय वरवर पाहता कारागिराचा वाटेल आणि मीही कारागीर नव्हे. आपल्यासारखाच मी अध्यापक विद्यालयातून शिकून बाहेर पडलेला शिक्षक आहे, आणि संगणक मी चाळिशीच्या सुमारास हाती घेतला. म्हणून मी जे सांगणार आहे त्यात पांडित्य नाही. चुका करून जे कळले, तेवढेच आहे.

शाळातपासणीच्या निमित्ताने मी जेथे जेथे जातो, तेथे जडसंग्रह नोंदवही पाहतो. संगणकाच्या नोंदीपुढे एक शेरा मला वारंवार आढळतो: ‘बंद. मदरबोर्ड खराब.’ हे कोणी ठरविले, कशावरून ठरविले, ठरविण्यापूर्वी काय काय तपासून पाहिले, याचा मात्र कोठेही उल्लेख नसतो. दोन शब्दांत यंत्राचा निकाल लागलेला असतो. असा निकाल मी स्वतःही एकदा दिलेला आहे आणि त्याची कथा प्रथम सांगितल्यावाचून आपणांस उपदेश करण्याचा मला अधिकार नाही.

माझ्या पूर्वीच्या एका बीटमधील ही गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या शाळेचा नव्हता, माझा होता. शाळा द्विशिक्षकी होती. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तेथील एकुलता एक संगणक चालेना. कळ दाबली की आतला पंखा फिरे, दिवाही लागे, परंतु पडदा काळाच राही. बाजाराच्या गावाहून एक कारागीर आला. त्याला त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी जावयाचे होते. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून तो निघून गेला. नव्या मदरबोर्डाचा खर्च सादिलमधून भागण्यासारखा नव्हता. जुलैमध्ये मी तपासणीस गेलो, मुख्याध्यापकांनी सांगितले ते ऐकून घेतले आणि शेरेबुकात लिहिले: ‘संगणक नादुरुस्त. मदरबोर्ड निकामी. निर्लेखनाचा प्रस्ताव सादर करावा.’ मी झाकण उघडले नाही, एक केबल हलवून पाहिली नाही, एक प्रश्नही विचारला नाही. संशयावर अधिकाऱ्याची सही पडली की त्याचा निकाल होतो. त्या दिवशी तसेच झाले.

दिवाळीनंतर त्या शाळेत प्रतिनियुक्तीवर एक बाई आल्या. प्रस्ताव पाठविण्यापूर्वी त्यांनी यंत्र एकदा स्वतः उघडून पाहिले. रॅमची पट्टी काढली, पुसली आणि नीट दाबून पुन्हा बसविली. संगणक सुरू झाला. माझ्या शेऱ्याखाली त्यांनी एवढेच लिहिले: ‘रॅम काढून, पुसून बसविली. संगणक चालू.’ खाली तारीख व सही.

पुढच्या भेटीत मी ते वाचले. लाज वाटलीच, परंतु खरी टोचणी हजेरीपट पाहून लागली. पाचवीच्या वर्गातील सहा मुले दिवाळी होताच आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. हंगामी वसतिगृहाची सोय असली, तरी सर्वच मुले मागे राहतात असे नाही, हे आपण जाणताच. त्या सहा मुलांचे शाळेचे वर्ष जून ते दिवाळी एवढेच होते. आणि तेवढा सर्व काळ तो संगणक माझ्या सहीने बंद होता. पाच मिनिटांच्या कामासाठी त्यांचे एक वर्ष गेले. तेव्हापासून ‘मदरबोर्ड गेला’ हे शब्द मी सहजासहजी उच्चारत नाही आणि आपणही उच्चारू नयेत, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

आपल्या भागातील शेतकऱ्याकडे पाहा. विहिरीवरील मोटार चालली नाही, तर तो लगेच मोटार वर काढावयास धावत नाही. मोटार वर काढणे म्हणजे माणसे, दोर, पाइप आणि एक दिवस. तो आधी डीपीवरचा फ्यूज पाहतो, तिन्ही फेज आले आहेत की नाही हे पाहतो, स्टार्टर पाहतो, केबल कोठे कुरतडली आहे काय ते पाहतो. हे सर्व ठीक असेल तरच म्हणतो, ‘आता मोटारच वर काढली पाहिजे.’ जे स्वस्त, सोपे व बाहेरचे, ते प्रथम. जे महाग, अवघड व आतले, ते शेवटी. निदानाचे सारे शास्त्र एवढ्यात आले. संगणकापुढे आपण हे शहाणपण विसरतो ते केवळ यंत्र अपरिचित असते म्हणून.

तेव्हा आधी ओळख करून घेऊ. संगणकाच्या पेटीचे बाजूचे झाकण काढले की आत एक मोठा सपाट फलक दिसतो. तोच मदरबोर्ड. मराठीत त्यास मातृफलक म्हणता येईल. परंतु बाजारात चालतो तोच शब्द आपण वापरू. त्याच्यावर पंख्याखाली प्रोसेसर बसलेला असतो; सर्व आकडेमोड तो करतो. शेजारी उभ्या खाचांत रॅमच्या पट्ट्या असतात. रॅम म्हणजे पाटी: काम चालू असेतो लिहावयाचे, वीज गेली की पुसले जाते. हार्ड डिस्क म्हणजे वही. तिच्यावर लिहिलेले राहते. पेटीच्या मागच्या अंगास पंखा असलेला जो पत्र्याचा डबा असतो, तो एसएमपीएस. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून आत पुरवितो. हे सारे मदरबोर्डाला जोडलेले असल्यामुळे यांपैकी कोणाचाही दोष प्रथमदर्शनी मदरबोर्डाचाच भासतो. घरात काहीही बिघडले की बोल आईला लागतो, तसेच हे आहे.

आता हात लावण्यापूर्वीचे चार नियम. पहिला: यंत्र हमीच्या मुदतीत असेल वा त्यावर पुरवठादाराची मोहोर असेल, तर उघडू नये, लेखी तक्रार करावी. दुसरा: केवळ बटण बंद करून भागत नाही, भिंतीतील पिन काढावी आणि मग समोरची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत उरलेला भार निघून जातो. तिसरा: आतील भागास स्पर्श करण्यापूर्वी पेटीच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्यास हात लावावा. आपल्या अंगावरील स्थिर विद्युत आपणांस जाणवतही नाही, परंतु बारीक भागांस ती मारक ठरू शकते. हिवाळ्यातील कोरड्या हवेत तर विशेषच. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा: एसएमपीएसचा डबा कोणत्याही कारणास्तव उघडू नये. पिन काढल्यानंतरही त्याच्या आत जिवावर बेतणारा भार शिल्लक असू शकतो. मुलांना जरूर जवळ बसवावे, त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्यावी. परंतु पिन जोडलेली असताना उघड्या पेटीत त्यांचा हात जाता कामा नये.

यानंतर प्रश्न विचारावेत. वैद्य नाडीस हात लावण्यापूर्वी विचारतो, तसे. शेवटचा केव्हा चालला? त्या दिवशी विजा कडाडल्या होत्या काय? खोली झाडण्यासाठी टेबल हलविले काय? कोणी नवा पेन ड्राइव्ह वा प्रिंटर जोडला काय? बंद एकदम पडला, की आधी अधूनमधून अडत होता? टेबल हलविल्यानंतर बंद पडलेला संगणक बहुधा ढिल्या जोडणीने बंद असतो. विजांच्या रात्रीनंतर बंद पडलेल्याबाबत मात्र खऱ्या हानीचा संशय घ्यावा. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.

तक्रारी चार प्रकारच्या असतात. प्रत्येकीची वाट निराळी आहे.

पहिली तक्रार: कळ दाबली तरी काहीच होत नाही, पंखा नाही, दिवा नाही. येथे भिंतीपासून आरंभ करावा. त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून वीज आहे काय ते पाहावे. मग वीजपट्टीतील दुसरे भोक वापरून पाहावे. संगणकाची व पडद्याची वीजकेबल पुष्कळदा एकाच नमुन्याची असते. तसे असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहावी. एसएमपीएसच्या मागे एक लहान बटण असते, ते झाडताना चुकून बंद होते, ते पाहावे. जुन्या डब्यावर ११५ आणि २३० असे लिहिलेली एक सरकती खूण असते. ती आपल्याकडे नेहमी २३० वरच असली पाहिजे. मुलांच्या हातून ती सरकली असेल आणि तशीच वीज दिली, तर डबा जळतो. एवढे झाल्यावर पेटी उघडून दोन जोडण्या दाबून पाहाव्यात: मदरबोर्डावरील चोवीस पिनांची मोठी जोडणी, आणि प्रोसेसरजवळची चार वा आठ पिनांची लहान जोडणी. लहान जोडणी ढिली असली, तर पंखे फिरतात आणि तरीही यंत्र जागे होत नाही.

अजूनही हालचाल नसेल, तर एसएमपीएसची परीक्षा घ्यावी. ही परीक्षा माहितगाराच्या देखरेखीखाली करावी. पिन काढून डबा मदरबोर्डापासून व इतर सर्व भागांपासून सोडवावा. चोवीस पिनांच्या जोडणीतील हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेस वायरच्या तुकड्याने जोडावी व मग वीज द्यावी. डब्याचा पंखा फिरला म्हणजे त्यात जीव आहे. परंतु जीव असणे आणि बळ असणे यांत अंतर आहे. म्हणून मल्टिमीटरने मोजावे: काळ्या तारेच्या तुलनेत पिवळी १२, लाल ५ आणि नारिंगी ३.३ व्होल्ट दाखविते. शेकडा ५ इतका फरक क्षम्य आहे. म्हणजे पिवळी ११.४ ते १२.६ च्या आत असावी. ती याच्या खाली उतरत असेल, तर दोष डब्याचा आहे, मदरबोर्डाचा नव्हे. उलट, बिनभाराने मोजलेले आकडे ठीक आले, तरी भार पडल्यावर ते टिकतीलच अशी खात्री नसते. ती पुढे चांगला डबा लावून करावयाची असते. आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. संशयित डबा दुसऱ्या चांगल्या संगणकास कधीही जोडू नये. बिघडलेला डबा चांगल्या मदरबोर्डासही नेतो. चांगला डबा आणून बंद यंत्रास लावावा, हाच योग्य क्रम आहे.

दुसरी तक्रार: पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा. माझी फजिती झाली ती येथेच. प्रथम पडद्याची परीक्षा घ्यावी. त्याची चित्रकेबल संगणकापासून काढून तो चालू करावा. ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची अक्षरे त्यावर उमटली, तर पडदा जिवंत आहे असे समजावे. मागे चित्रकेबल जोडण्याच्या दोन जागा असतील, तर दुसरीकडे लावून पाहावी. मग पिन काढून रॅम पाहावी. खाचेच्या टोकांवरील खिट्ट्या बाहेर ढकलाव्यात, पट्टी कडेने धरून काढावी, तिच्या सोनेरी दातांवर मऊ पांढरे खोडरबर हलकेच फिरवावे, रबराचा चुरा पेटीपासून दूर झटकावा आणि कोरड्या मऊ कापडाने पुसून पट्टी पुन्हा बसवावी. खिट्टी टक् करून बंद झाली पाहिजे. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून व खाच बदलून पाहावी. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे या दातांवर थर बसतो, जोडणी तुटते आणि धडधाकट यंत्र मेल्याचे सोंग घेते.

याच ठिकाणी एक अत्यंत उपयुक्त परीक्षा आहे. मदरबोर्डास लहानसा ध्वनिक जोडलेला असतो. नसेल तर बाजारात तो थोडक्या पैशांत मिळतो. सर्व रॅम काढून यंत्र सुरू करावे. ‘बीप, बीप’ असा आवाज आला, तर आनंद मानावा. पाटी नाही म्हणून मदरबोर्ड तक्रार करीत आहे. आणि ज्याला तक्रार करता येते तो मेलेला नसतो. प्रोसेसर व मदरबोर्ड निदान एवढे काम करीत आहेत हे त्यावरून सिद्ध होते. किती वेळा व किती लांब आवाज म्हणजे कोणता दोष, हे प्रत्येक बनावटीत निराळे असते. म्हणून आवाज मोजून वहीत लिहावा आणि त्या बनावटीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. ध्वनिक जोडलेला असूनही आवाजच आला नाही, तर मात्र संशय मदरबोर्ड, प्रोसेसर अथवा एसएमपीएस यांच्याकडे वळतो.

तिसरी तक्रार: चालू होतो, परंतु मध्येच बंद पडतो वा आपोआप पुन्हा सुरू होतो. येथे पहिला आरोपी उष्णता. वैशाखात आपल्या पत्र्याच्या खोल्या कशा तापतात हे मी सांगावयास नको. प्रोसेसरवरील पंख्याच्या पात्यांत व त्याखालील धातूच्या पन्हाळ्यांत धुळीची चादर बसते. मऊ ब्रशाने ती काढावी. पंखा बोटाने स्थिर धरून मगच झाडावा. प्रोसेसर व धातू यांमधील लेप वर्षांनुवर्षांनी वाळतो. तो बदलणे माहितगाराचे काम, परंतु खर्च किरकोळ. दुसरा आरोपी कमी-अधिक होणारा वीजदाब. तिसरा आरोपी मात्र खरोखर मदरबोर्डावर बसलेला असतो. फलकावर लहान लहान नळकांड्यांसारखे कपॅसिटर उभे असतात; त्यांची डोकी सपाट असावयास हवीत. ती फुगली असतील, वा तपकिरी रस बाहेर आला असेल, तर दोष सापडला. इसवी सन २००० च्या पुढेमागे काही वर्षे सदोष कपॅसिटर जगभर पुष्कळ मदरबोर्डांवर बसविले गेले होते, आणि जुन्या यंत्रांत हे फुगलेले नग आजही दिसतात. तेथेही मदरबोर्ड टाकून द्यावा लागतोच असे नाही. झाळकामात हात बसलेला कारागीर तो नग बदलू शकतो.

चौथी तक्रार लहान, पण फार फसवी: संगणक दररोज तारीख-वेळ विसरतो, सुरू होताना कळफलकावर कळ दाबावयास सांगतो, आणि इंटरनेट असूनही संकेतस्थळे उघडत नाहीत. मदरबोर्ड बिघडला, नेट बिघडले, असे म्हटले जाते. वास्तविक मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असा क्रमांक असतो. तो ३ व्होल्टचा असून काही वर्षांत संपतो. तो संपला की तारीख मागे जाते. आणि सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्रास मुदत असल्यामुळे चुकीच्या तारखेचा संगणक त्यांस खोटे समजून नाकारतो. पिन काढून सेल बदलावा, तारीख नीट करावी. किरकोळ खर्चात काम होते. सेल काही मिनिटे काढून पुन्हा बसविण्याचा आणखी एक उपयोग आहे: मदरबोर्डाच्या मूळ मांडणीत कोणी केलेले चुकीचे बदल पुसले जातात आणि त्यामुळे अडलेले यंत्र कधी कधी चालू होते.

या वाटांनी जाऊनही उत्तर मिळाले नाही, तर यंत्रास उपवास घडवावा. हार्ड डिस्क, सीडीचा खण, प्रिंटर, कळफलक, माउस, जोडलेली जादा कार्डे हे सर्व काढावे. मदरबोर्ड, प्रोसेसर व त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस आणि पडदा एवढेच ठेवावे. यावर पडद्यावर अक्षरे उमटली, तर काढलेल्यांपैकी कोणीतरी दोषी आहे. एकेक जोडत जावे. प्रत्येक वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र सुरू झाले, तर आनंद होतो, ज्ञान होत नाही. फलकाखाली एखादा सुटा स्क्रू पडून स्पर्श झाला आहे काय, मागील उघड्या फटींतून उंदीर शिरून घाण केली आहे काय, हेही याच वेळी पाहावे.

मग मदरबोर्ड केव्हा दोषी ठरवावा? चांगला एसएमपीएस लावून पाहिला, रॅम दुसऱ्या यंत्रात चालते हे पाहिले, पडदा व केबल निर्दोष ठरली, सेल बदलला, उपवास घडविला, आणि तरीही यंत्र निश्चल आहे, तेव्हा. फलकावर जळल्याचा डाग, उंदराच्या मूत्राने आलेला हिरवट गंज, वा विजांच्या रात्रीची नोंद असेल, तर संशय अधिक दृढ होतो. तरीही प्रोसेसर व मदरबोर्ड यांपैकी नेमका कोण, हे दुसऱ्या जुळणाऱ्या प्रोसेसरवाचून सांगता येत नाही. प्रोसेसर क्वचित बिघडतो, एवढेच. म्हणून लिहिताना ‘मदरबोर्ड निकामी’ असे न लिहिता ‘वरीलप्रमाणे तपासणी केली, मदरबोर्ड सदोष असण्याचा संभव’ असे लिहावे. पहिल्या वाक्याने दार बंद होते. दुसऱ्याने पुढील माणसास वाट दिसते.

यासाठी प्रत्येक शाळेने एक साधी दोषवही ठेवावी, अशी माझी विनंती आहे. पाच रकाने पुरेत: तारीख, तक्रार, काय तपासले, काय आढळले, सही. आपली बदली होते, यंत्र तेथेच राहते. नव्या गुरुजींना वा बाईंना मागच्यांनी काय पाहिले हे कळले, तर त्यांचे श्रम पहिल्या पायरीपासून सुरू होणार नाहीत. कारागीर आला तर त्याच्यापुढेही वही ठेवावी आणि ‘कशावरून?’ असे नम्रपणे विचारावे. प्रामाणिक कारागिरास या प्रश्नाचा राग येत नाही. त्याचा वेळच वाचतो.

संगणक खरोखरच कामातून गेला, तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे दोषवही ठेवून रीतसर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा. त्यापूर्वी हार्ड डिस्क काढून मुलांची माहिती सुरक्षित करावी, आणि चांगली रॅम, डबा, पंखे यांचा दुसऱ्या शाळेच्या यंत्रास उपयोग होईल काय हे केंद्रप्रमुखांच्या संमतीने पाहावे. उरलेले भंगारवाल्यास देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच गेले पाहिजे. कारण त्यात शिशासारखे विषारी धातू असू शकतात, आणि ते उघड्यावर जाळल्यास धूर आपल्याच मुलांच्या श्वासात जातो.

रोग होऊ नये म्हणून करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावे. वळवाचे आभाळ आले की पिन काढावी. केवळ बटण बंद करणे पुरत नाही. गरम यंत्रावर कापड घालू नये. पोषण आहाराच्या चुलीचा धूर ज्या खोलीत येतो, तेथे संगणक ठेवू नये. मागील उघड्या फटी पत्र्याने झाकाव्यात. दीर्घ सुटीत शक्य तर पंधरा दिवसांतून एकदा यंत्र अर्धा तास चालवावे. जे चालते राहते ते टिकते.

बंधुभगिनींनो, आरंभी विषय कारागिराचा वाटला असेल. परंतु निदान हा तर आपला रोजचा व्यवसाय आहे. फळ्यावरचे वाचता न येणाऱ्या मुलास आपण ‘ढ’ म्हणतो, तेव्हा आपणही झाकण न उघडताच मदरबोर्डावर आरोप ठेवीत असतो. त्याला फळा दिसतो काय, आपले बोलणे ऐकू येते काय, तो उपाशी आला आहे काय, मागचे सहा महिने तो कोणत्या कारखान्याच्या फडावर होता, हे बाहेरचे प्रश्न आपण आधी विचारले काय? यंत्राच्या बाबतीत घाईचा निकाल दिला, तर काही हजारांचे नुकसान होते. मुलाच्या बाबतीत जे नुकसान होते त्याची नोंद कोणत्याही जडसंग्रह वहीत होत नाही.

आपल्या केंद्रात आज जे संगणक बंद म्हणून नोंदलेले आहेत, त्यांपैकी प्रत्येक शाळेने एक तरी पुढील परिषदेपूर्वी या क्रमाने तपासावा आणि दोषवही बरोबर आणावी. सारेच सुरू होतील असे मी म्हणत नाही. परंतु जे सुरू होतील ते दिवाळीपूर्वी सुरू व्हावेत. कारण काही मुलांना त्यानंतरचे वर्ष नसते. माझ्या त्या शेऱ्याचे पान मी आजवर विसरलो नाही. आपल्या हातून असे पान लिहिले जाऊ नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.